पोस्टरवरची रंगारीण

ग्रिलच्या कारखान्यात वेल्डरचं काम संपलं की रंगारणीचं सुरू व्हायचं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे असा सगळा माल भिंतीला टेकवून उभा असायचा आणि ती पॉलिशपेपरचा तुकडा बोटांना गुंडाळून एकेका गजाचा गंज घासत बसायची. गंज गेला की तांबडा प्रायमर, तो वाळला की वरून काळा ऑइलपेंट. आधीचा रंगारी न सांगता पळून गेला होता आणि मालकाने हिला नाइलाजानेच घेतलं होतं. "बायकांचा हात हलका असतो," असं तो तिला घेताना म्हणाला. "हात हलका असेल, पण पगार हलका चालायचा नाही," असं तिने तिथल्या तिथे सुनावलं आणि तेव्हापासून अख्खी गल्ली तिला रंगारीण म्हणू लागली. खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं.

तिच्या नखांतलं काळं कधी निघायचं नाही. रॉकेलने धुवा, साबणाने घासा, काळं ते काळंच. तिची मुलगी म्हणायची, "आई, तुझ्या हातचं जेवताना मला खिडकी खाल्ल्यासारखं वाटतं."

या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. उभ्याउभ्या जेवायची, चपला काढायच्या आत दिवसभराच्या बातम्या सांगून मोकळी व्हायची आणि शीळ अशी घालायची, की बापाच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी मान वळवायचं. "पोरीच्या जातीला शोभत नाही," असं एकदा तिच्या काकाने सुनावलं, तर तिने त्याच्यासमोरच आणखी लांब शीळ घातली. एकुलती एक होती. बाप बोलायचा कमी. लेकीचं सगळं ऐकून घ्यायचा आणि आरशात बघून गालातल्या गालात हसायचा. नदीपलीकडे औषधांचा कारखाना होता. तिथे गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामावर ती नुकतीच लागली होती.

नदीवर पूल नव्हता. पुलाच्या कोनशिला मात्र दोन होत्या. एक जांभळ्यांची, एक पिवळ्यांची. शहरात हे दोनच पक्ष चालायचे आणि झेंड्यांच्या रंगांवरून लोक त्यांना तसंच म्हणायचे. सत्ता कधी याच्या हातात, कधी त्याच्या. त्या साली जांभळ्यांकडे होती. कोनशिलांवर कुत्री ऊन खात पडायची आणि माणसं पलीकडे जायची ती लाँचने. लाँच म्हातारी झाली होती. चढायला जागा नसली की लोक कठड्याला लटकायचे. लाँच लवकर सुटावी म्हणून भांडायचे आणि उशिरा सुटली तरी तिच्यातूनच जायचे. करणार काय? कामाचा भोंगा कुणासाठी थांबत नाही.

एका सकाळी ती लाँच भर पाण्यात कलंडली.

कारखान्यात ग्राइंडर चालू होता, त्यामुळे बाहेरची आरडाओरड आधी कुणाला कळलीच नाही. मग वेल्डरने डोळ्यांवरचा मुखवटा वर केला, दारात उभ्या माणसाचं बोलणं ऐकलं आणि मशीनचं बटण बंद केलं. तो रंगारणीकडे बघायला लागला. "काय झालं?" तिने विचारलं. "लाँच," एवढंच तो म्हणाला. ती उठली आणि ब्रश हातात तसाच घेऊन पळत सुटली. घाटावर पोचून तो हातातून गळून पडेपर्यंत आपल्या हातात ब्रश आहे याचा तिला पत्ता नव्हता.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. होड्यांतून माणसं आणत होते. कुणी खोकत होतं, कुणी हलत नव्हतं. एक स्ट्रेचर पायऱ्यांवरून वर येत होतं आणि त्यावरून लोंबणाऱ्या बाहीचा निळा रंग तिला दिसल्यासारखा वाटला. भिंगरी सकाळी निळा शर्ट घालूनच गेली होती. ती पुढे घुसली, तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस मधे आला आणि गुडघा टेकून तिच्याच चेहऱ्यावर नेम धरून बसला. तो डावीकडे सरकला, ती डावीकडे. ती उजवीकडे सरकली, तो उजवीकडे. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "बाजूला हो रे मेल्या! दिसू दे मला!" आणि त्याला हटवायला तिने हात वर केला.

तेवढ्यात त्याने फोटो काढला.

तो बाजूला झाला तेव्हा स्ट्रेचर गाडीत चढलं होतं आणि गाडीचं दार लागलं होतं. निळी बाही भिंगरीचीच होती. पण हे कळायला दुपार व्हावी लागली, आणि ते कळलं इस्पितळाच्या मागच्या खोलीत. तिथे बापाने खिशातला कंगवा काढला, लेकीच्या केसांतला गाळ बोटांनी सोडवला आणि ओले केस नीट भांग पाडून विंचरले. बाहेरचा शिपाई "लवकर आटपा" म्हणायला आत आला आणि दार लोटून घेऊन परत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. विस्फारलेले डोळे, उघडं तोंड, उगारलेला हात. खाली छापलं होतं, 'आईचा टाहो'. बघणाऱ्याला टाहोच वाटणार. ती काय ओरडत होती ते कागदावर थोडंच ऐकू येतं?

मग वारूळ फुटावं तशी माणसं घरी येऊ लागली.

पहिल्यांदा जांभळे आले. पुढे दोन गाड्या, मागे दोन गाड्या, मधे साहेब. साहेबांच्या आधी त्यांची माणसं येऊन खोली बघून गेली. खोली एकच, त्यात कपाट, पलंग आणि शिलाईचं मशीन. "कॅमेरा कुठे बसणार इथे?" एकाने दुसऱ्याला विचारलं, आणि दोघांनी मिळून कपाट उचलून बाहेर गल्लीत नेऊन ठेवलं. त्यात भिंगरीचे कपडे होते. साहेब आले, खुर्चीवर बसले, रंगारणीचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." नखांतलं काळं बघून मात्र त्यांनी हात जरा लवकर सोडला. ते गेल्यावर कपाट आत आणायला कुणी थांबलं नाही. नवराबायकोनेच ते ओढत आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी पिवळ्यांचे दादा आले. हे खुर्चीवर बसले नाहीत. "मी मावशींच्या पायाशी बसणार," म्हणून जमिनीवर फतकल मारून बसले आणि आपलं जमिनीवर बसणं नीट दिसतंय ना, हे मान वळवून फोटोवाल्याला विचारलं. मग म्हणाले, "मावशी, मन मोकळं करा. बोला. अख्खं शहर ऐकतंय."

रंगारणीच्या मनात तेव्हा काहीच नव्हतं. पोकळ पत्र्याच्या डब्यासारखं सगळं. ती म्हणाली, "तिच्या डब्यातली भाजी आदल्या दिवशीची होती."

दादांनी जरा वाट बघितली. पुढे काही येईना. तेव्हा त्यांच्या मागे उभा असलेला पोरगेलासा कार्यकर्ता शेजाऱ्याच्या कानात, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा पुटपुटला, "या काही बोलायच्या नाहीत. फोटोच वापरू."

आणि त्यांनी फोटोच वापरला.

महिन्याभरात निवडणूक लागली. शहर पोस्टरांनी भरून गेलं. पिवळ्यांच्या पोस्टरवर रंगारणीचा चेहरा दारापेक्षा मोठा होता, त्याखाली लिहिलं होतं, 'या आईला उत्तर द्या!' जांभळे कसले मागे राहतात? त्यांनी तोच फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला. पिवळ्यांकडे ती उजवा हात उगारायची, जांभळ्यांकडे डावा. खाली अक्षरं, 'आई, आम्ही तुझे अश्रू पुसू.' बुडाले ते इतके जण, पण चेहरा हिचाच. बाकीच्यांच्या आयांचा कुणी फोटो काढला नव्हता. त्यांच्याकडे मग कुणी फिरकलंही नाही. दोन्ही पक्षांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की चूक लाँचच्या ड्रायव्हरची. तोही बुडाला होता. मेलेला माणूस मत देत नाही आणि खुलासाही देत नाही.

कारखान्यासमोरच्या भिंतीवर दोन्ही पोस्टरं शेजारीशेजारी लागली. रंगारीण दिवसभर जाळ्या घासायची आणि मान वर केली की समोर ती स्वतः, दोनदा, तोंड उघडं टाकून. मालकाने तिला आतल्या बाजूला बसायला सांगितलं, पण आत रंग वाळत नाही. वेल्डरने एक मोठं फाटक तिच्यासमोर आडवं उभं केलं. ते विकलं गेलं तेव्हा त्याने दुसरं उभं केलं.

बाजारात टोमॅटो निवडत असताना एका बाईने तिला निरखून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही त्या पोस्टरवरच्या ना? फोटो छान आलाय हो."

छान आलाय! रंगारणीने टोमॅटो परत टोपलीत ठेवले आणि तशीच घरी आली.

आता घरातलं सांगायला हवं. भिंगरीचा काका, म्हणजे रंगारणीचा दीर, जुने मोबाइल विकायचा. लाँच बुडायच्या आधी पिवळ्यांच्या कचेरीत त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. आता तो 'पीडितांचा भाऊ' झाला. सभेत पहिल्या रांगेत बसू लागला, पांढरे कपडे घालू लागला, फोनवर "बोला साहेब" म्हणू लागला. आणि त्याने भावालाही नादी लावलं. न्हावी भोळा होता. त्याला वाटलं, यांच्या व्यासपीठावर बसलो तर चौकशी होईल, कुणीतरी जबाब देईल.

"अगं, मी काही त्यांच्यासाठी जात नाही," तो बायकोला म्हणाला. "भिंगरीसाठी जातोय."

"जा," ती म्हणाली. "पण बोलायला मिळालं तर काय झालं ते खरं बोला."

सभा मोठी झाली. मागे पोस्टरवर बायकोचा चेहरा, पुढे माइक, मधे न्हावी. आयुष्यात पहिल्यांदाच माइकसमोर उभा राहिलेला माणूस. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवतो तसे माइकच्या दांडीवर ठेवले. म्हणाला, "माझी मुलगी गेली. लाँच जुनी होती. ती तुमच्या वेळेपासून चालू होती, त्यांच्याही वेळेला चालू राहिली. पूल बांधतो म्हणून दोघांनीही दगड बसवले, तुम्हीपण आणि..."

माइक बंद पडला. न्हाव्याचे ओठ हलत राहिले. टाळ्या वाजल्या, घोषणा सुरू झाल्या, आणि त्याच्या भावानेच त्याला खांद्याला धरून खुर्चीवर आणून बसवलं. "वायर सुटली रे," भाऊ म्हणाला. पुढचा वक्ता उभा राहिला तेव्हा वायर आपोआप जोडली गेली होती.

घरी येऊन न्हावी कोपऱ्यात बसला. म्हणाला, "मी निम्मंच बोललो गं." त्यानंतर तो कुठल्याच सभेला गेला नाही.

तेव्हा रंगारीण उठली. तिने ठरवलं, आपण भीक मागायची नाही, भांडायचं नाही, सरळ जाऊन सांगायचं की माझा चेहरा उतरवा. आधी ती पिवळ्यांच्या कचेरीत गेली. पंख्याखाली एक तरुण पत्रकांचे गठ्ठे बांधत होता. त्याने तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तुमचं दुःख मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण आता पोस्टर उतरवलं तर ते म्हणणार की आम्ही विकले गेलो. शिवाय पोस्टरं दोन्ही पक्षांनी लावलीत ना. त्यांनी उतरवलं तर आम्हीही उतरवू."

ती तशीच जांभळ्यांच्या कचेरीत गेली. तिथे गार हवेचं मशीन होतं आणि बसायला कोच होता. तिथल्या बाईने तिचा खांदा थोपटला. "ताई, आमचं काही नाही. त्यांनी काढलं की आम्ही काढतो. सुरुवात त्यांनी केलीय."

"अहो, पण चेहरा माझा आहे!"

"म्हणून तर," ती बाई मायेने म्हणाली.

घरी दीर येऊन बसला होता. कचेरीतून त्याला निरोप गेला होता. तो चिडलेला होता, पण आवाज राखून बोलला. "वहिनी, असं परस्पर जायचं नाही. माझी काय किंमत राहिली? आणि समजून घ्या, तो चेहरा आता तुमचा एकटीचा राहिला नाही. तो जनतेचा झालाय."

"भावजी," रंगारीण म्हणाली, "त्या फोटोत मी काय म्हणतेय, माहितेय तुम्हाला?"

"काय म्हणजे? पोरीच्या नावाने रडताय."

"त्या फोटोवाल्याला बाजूला हो म्हणतेय. मला माझी मुलगी दिसत नव्हती. त्याच्यामुळे घाटावर शेवटची दिसली नाही."

काही झालं तरी त्याचीही पुतणीच होती. लहानपणी खांद्यावर बसवून त्याने तिला बाजारभर फिरवलं होतं. त्याचे डोळे भरल्यासारखे झाले. मग फोन वाजला. त्याने नाव बघितलं, डोळे पुसले आणि "बोला साहेब" म्हणत बाहेर गेला.

त्यानंतरच्या एका भर दुपारी, ऊन मी म्हणत होतं आणि दुकानांची शटरं अर्धी खाली होती, तेव्हा रंगारणीने काळ्या ऑइलपेंटचा डबा घेतला, त्यात थोडं टर्पेंटाइन घातलं, काडीने ढवळलं, शिडी खांद्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. पहिलं पोस्टर पिवळ्यांचं होतं. तिने कपाळापासून सुरुवात केली. गजाला मारते तसा एकसारखा हात, ओघळ येऊ न देता. भुवया गेल्या, डोळे गेले, मग ते उघडं तोंड गेलं. शेजारचंही तसंच. मग पुढचा चौक, मग शाळेची भिंत, मग बस थांबा. आणि गंमत म्हणजे तिला कुणीच हटकलं नाही. डबा आणि ब्रश घेऊन जाणारी रंगारीण सगळ्यांनी रोज बघितलेली. एका चहावाल्याने तर विचारलं, "काय मावशी, आज बाहेरची ऑर्डर वाटतं?" ती "हो" म्हणाली. बस थांब्यावरच्या पोलिसाने तिला शिडी लावायला जागा करून दिली.

फासलं ते नुसत्या कागदाला, पण भिंगरी गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तिला भूक लागली. घरी येऊन ती दोन घास जास्त जेवली. न्हाव्याने तिच्या कोपरापर्यंत लागलेलं काळं बघितलं. त्याला सगळं कळलं आणि त्याने नुसतं रॉकेलचं फडकं आणून दिलं.

सकाळ झाली आणि शहर पेटलं.

'शोकाकुल मातेच्या तोंडाला काळं फासलं!' अशा आरोळ्या दोन्हीकडून सुरू झाल्या. पिवळे म्हणाले जांभळ्यांनी फासलं. जांभळे म्हणाले, हे पिवळ्यांचंच कारस्थान, सहानुभूतीसाठी. दोघांनीही बंद पुकारला, दोघांनीही मोर्चे काढले, आणि दोन्ही मोर्चांत पुढे काय, तर रंगारणीचाच नवा छापलेला फोटो, आता तर आणखी मोठा. लाँच बुडाली त्या दिवशी घाटावर दोरी टाकायला माणसं कमी पडली होती. त्या सकाळी मात्र रस्त्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

दीर धापा टाकत आला. मागे ते पिवळ्यांचे दादा आणि चार माणसं. "वहिनी, चला. तुम्ही पुढे हव्यात. तुमचा अपमान झालाय."

"मीच फासलं," रंगारीण म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"काळं मीच फासलं. काल दुपारी. हा बघा डबा." तिने कोपऱ्यातला डबा पायाने पुढे सरकवला.

दादांनी डब्याकडे बघितलं, तिच्या नखांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही दुःखात आहात. दुःखात माणूस काहीही बोलतो. हे बाहेर कुठे बोलू नका." आणि दिराकडे वळून म्हणाले, "यांना आराम करू द्या."

पण तिला आराम नको होता. ती डबा घेऊन सरळ पोलीस चौकीत गेली. फौजदार सकाळपासून वैतागलेला. त्याने तिला बसवलं, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, मी कुठला गुन्हा नोंदवू? स्वतःच्या तोंडाला काळं फासलं म्हणून?"

"काहीही नोंदवा. पण मी केलं एवढं लिहा. म्हणजे ही बोंबाबोंब थांबेल."

"ती आता नाही थांबत," तो म्हणाला. "आणि दुसरं म्हणजे, आमच्याकडे गुन्हेगार आहे. जांभळ्यांचा एक पोरगा सकाळीच हजर झाला. छाती काढून म्हणतोय, पिवळ्यांच्या पोस्टरला मीच फासलं, पुन्हाही फासेन. कबुली आहे त्याची. पक्ष वरवर नाही म्हणतोय, पण बाहेर त्याच्या नावाचा जयजयकार चाललाय. उद्या त्याला तिकीट मिळेल." त्याने तिच्याकडे जरा दयेने बघितलं. "तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

रंगारीण चौकीबाहेर आली तेव्हा रस्त्यात काचा पडल्या होत्या. पुढे गेली तशा काचा वाढत गेल्या आणि ती सलूनच्या दारापाशी जाऊन थांबली. न्हाव्याने दुकान उघडं ठेवलं होतं. बंद आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण घरी बसलं की ती इस्पितळाची खोली डोळ्यांसमोर येते, म्हणून तो रोज नेमाने दुकान उघडायचा. मोर्चातल्या पोरांनी "आई दुःखात आणि तुझा धंदा चालू?" म्हणत दगड घातला होता. भिंतीभर असलेला मोठा आरसा कोसळला होता. उंबऱ्याशी मोर्चात कुणाच्या हातून पडलेला फोटो होता, काठीसकट. फोटो तिचाच. त्यावर बुटाचा ठसा.

न्हावी खुर्चीवर बसला होता. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो ते टॉवेलने टिपत होता. "एक जण परत आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, काका, तुमचं दुकान आहे हे माहीत नव्हतं, सॉरी. चांगला मुलगा वाटला."

रंगारणीने त्याच्या हातातला टॉवेल घेतला. तिने जखमेतला काचेचा कण काढला. मग दोघांनी मिळून दुकान झाडलं.

पिवळे निवडून आले. दादांना मोठं पद मिळालं, आणि दिराला मिळालं त्याच्या मानाने बरंच मोठं. गल्लीच्या तोंडाला त्याचा हसरा फोटो लागला. निवडून आल्याच्या सभेत त्याने भिंगरीचं नाव घेतलं, पण तिच्या कारखान्याचं नाव चुकवलं. चौकशी झाली, कागद झाले आणि ड्रायव्हर दोषी ठरला. नदीवर दुसरी लाँच आली. तीही जुनीच होती, फक्त तिला नवा रंग दिला होता. रंगारणीने घाटावर उभं राहून एकदा ती बघितली. गंजावरूनच रंग मारलेला होता. घासायची तसदी कुणी घेतली नव्हती.

सलूनमध्ये आता दोन लहान आरसे आहेत. गिऱ्हाइकाला मान वाकवून बघावं लागतं.

काळ्यावर डकवलेली नवी पोस्टरं मात्र भिंतीवर तशीच राहिली. काही फाटली, काही पावसाने फिकी झाली. रंगारणीला वाटलं होतं, निवडणूक झाली की सुटका होईल, पण नको असलेली गोष्ट काढायलासुद्धा कुणाला वेळ नसतो. आणि मग एक दिवस ती कारखान्यात आली, तर समोरची भिंत कोरी होती. माणसं शिडीवर चढून नवीन पोस्टर लावत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कापसाच्या गोदामाला आग लागली होती. आत कामाला असलेली माणसं बाहेर येऊ शकली नाहीत, कारण मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. नव्या पोस्टरवर एका म्हाताऱ्याचा चेहरा होता. डोळे मिटलेले, हनुवटी थरथरत असावी असा. 'या बापाला उत्तर द्या!' या वेळी पोस्टर जांभळ्यांचं होतं. विरोधात तेच होते ना आता.

रंगारणीच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटले एकदाची, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी, आपल्या मनात काय आलं हे कळून ती चरकली. हातातला पॉलिशपेपर तिने खाली ठेवला.

"मी जरा जाऊन येते," ती वेल्डरला म्हणाली.

म्हाताऱ्याचं घर शोधायला त्रास पडला नाही. त्या वस्तीत कुणालाही विचारलं की "पोस्टरवाले आजोबा ना?" म्हणून बोट दाखवायचे. तो सायकली दुरुस्त करायचा. गोदामात त्याचा मुलगा होता. दार उघडंच होतं. खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला होता आणि मधली जागा मोकळी ठेवली होती. खुर्ची खिडकीच्या उजेडात होती. तिने ओळखलं, ही खुर्ची म्हाताऱ्याने तिथे ठेवलेली नाही.

म्हातारा जमिनीवर बसून भिंतीकडे बघत होता. पावलं ऐकून त्याने मान वळवली.

"कुणाकडून आलात?" त्याने विचारलं.

"कुणाकडून नाही. माझी मुलगी लाँचमध्ये गेली. सहज तुमच्यापाशी बसायला आलेय."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला पटलेलं दिसलं नाही. तो भिंतीचा आधार घेत उठला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि जाऊन खिडकीतल्या त्या खुर्चीवर ताठ बसला. मग शहाण्या मुलासारखं तिच्याकडे बघून म्हणाला, "सकाळी आले होते त्यांनी दोनदा रडायला लावलं. आता पुन्हा रडायचंय, का तुमचा फोटोवाला यायचाय अजून?"